पाच गुण वजा

"उमेदवार हा माणूस नसतो, मॅडम. उमेदवार ही प्रोफाइल असते. माणूस त्याच्या घरी."

हा आवाज कानावर पडला त्याला सोळा वर्षं झाली. पुस्तकातलं मराठी, शब्दन् शब्द इस्त्री केलेला, आणि वाक्याच्या शेवटी हळूच पाय टेकायची लकब, शेवाळलेल्या अंगणात जपून उतरावं तशी. आजही नवा बायोडाटा हातात घेतला की आधी तो आवाज बोलतो आणि मग मी.

बोलणारे होते सौमित्र केळुसकर. पुण्याच्या एका संस्थेचे प्रशिक्षक. वय सदतीस-अडतीस, डोळ्यांवर चष्मा, आणि कोल्हापूरच्या एप्रिलात अंगावर निळा कोट. ज्या मॅडमना ते सुनावत होते ती मी, इंदुमती सासने, 'सासने प्लेसमेंट'ची मालकीण, टायपिस्ट आणि झाडूवाली. माझा गुन्हा एवढाच की सरावाच्या मुलाखतीत समोर उमेदवार म्हणून बसवलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारला होता, "जेवून आलास का?"

"पाच गुण वजा," केळुसकर म्हणाले.

"कशाबद्दल हो?"

"जेवण हा वैयक्तिक प्रश्न आहे."

"भूक लागलेल्या माणसाची मुलाखत काय घ्यायची, सर? तो निम्मं ऐकतो."

मागच्या रांगेतून पंडित आवळे मोठ्यानं हसला. "सर, अक्काचं आफिस म्हंजे खानावळच हाय! माणूस नोकरीला जातोय का पंगतीला, त्यालाच कळत न्हाई!"

हा पंडित आवळे म्हणजे 'आवळे मॅनपॉवर'. त्याचं ऑफिस माझ्या ऑफिसपासून चार दुकानं सोडून. मला अक्का म्हणायचा, दिवाळीला फराळ आणून द्यायचा, आणि माझा माणूस माझ्या पायरीवरून उतरला की कोपऱ्यावर गाठून स्वतःच्या ऑफिसात न्यायचा. मीही त्याची माणसं न्यायची. आमच्या धंद्यात याला शेजार म्हणतात.

आम्ही पंचवीस जण त्या वर्गात का बसलो होतो ते सांगते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत झेरॉक्सच्या दुकानामागं माझं ऑफिस. दोन खुर्च्या, एक टेबल, एक माठ. आधी मी फौंड्रीत हजेरी लिहायला होते, तिथं कुठल्या खात्याला कसला माणूस लागतो ते डोक्यात बसलं. मग स्वतःचं थाटलं. अकरा वर्षांत मोल्डर लावले, वेल्डर लावले, भट्टीवाले लावले. पुढं कारकून आणि मॅनेजरसुद्धा. कुणी मला कागद मागितला नव्हता. त्या वर्षी मात्र कारखानदारांच्या संघानं ठरवलं की जूनपासून ज्याच्याकडं भरती सल्लागाराचं प्रमाणपत्र, त्यालाच काम. माझं निम्म्याहून अधिक काम एकाच मोठ्या कारखान्याचं. तिथल्या अधिकाऱ्यानं फोन करून सांगितलं, "ताई, सर्टिफिकेट नसेल तर यादीतून नाव काढावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नवी कोरी वही घेऊन मी शाळेत बसले. तीन दिवसांचा वर्ग. तिसऱ्या दिवशी परीक्षा: पन्नास गुण लेखी, पन्नास गुण मुलाखतीचे, आणि पास व्हायला शंभरात पंचाहत्तर. लग्नसराईत हॉटेलचा हॉल मिळाला नाही, म्हणून संस्थेनं एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला घेतला होता. त्यामुळे तीन दिवस खाली लग्नं आणि वर आम्ही. खालून 'कुर्यात् सदा मंगलम्' आलं की वर केळुसकर दोन मिनिटं थांबायचे, आणि आवळे खिशातल्या बडीशेपेचे दाणे अक्षता म्हणून आमच्यावर टाकायचा.

पहिल्या दिवशी नियमच नियम. लग्न झालंय का, विचारायचं नाही. मुलं किती, विचारायचं नाही. गाव, देव, जात, आईबाप, काही विचारायचं नाही. प्रत्येक वैयक्तिक प्रश्नाला पाच गुण वजा. आणि सगळ्यात कडक नियम सातवा: उमेदवाराची लेखी संमती असल्याशिवाय त्याचा माग काढायचा नाही, त्याला फोन करायचा नाही, त्याचं नाव कुणापुढं उच्चारायचं नाही. केलं तर तिथल्या तिथं नापास.

माझी आई जात्यावर बसली की स्वतःच्या ओव्या जुळवायची. तिची एक मला आठवली, आणि आठवली की तोंडात थांबत नाही. मी उठून म्हटली,

"पाहुणा आला दारी, नको पुसूस त्याची जात
आधी पाट मांड बाई, आधी वाढ त्याला भात.

सर, जात पुसू नये हे आईनं शिकवलंच होतं. भाताचं तेवढं तुमचं आणि तिचं जमत नाही."

वर्गानं टाळ्या दिल्या. केळुसकरांची बोटं टेबलाच्या कडेवर दोनदा वाजली, नेमकी ओवीच्या ठेक्यात, आणि चोरी पकडल्यासारखी थांबली.

"छान," ते म्हणाले. "पण पाच गुण वजाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकेक कागद वाटला. वर लिहिलं होतं, 'उमेदवार क'. नाव नाही, गाव नाही. अनुभव चौदा वर्षं, नोकऱ्या पाच. सुरुवात मासळी गोठवण्याच्या कारखान्यात, शीतगृहावर सुपरवायझर. मध्ये एका ओळीत, 'आठ महिने: घरी.' मग तीन नोकऱ्या इकडंतिकडं, आणि सध्या 'सेवा क्षेत्र, सततचा प्रवास.' छंद: दशावतारी नाटकाला मृदंगाची साथ. अपेक्षा: 'एका जागी राहून करायचं काम. समुद्राजवळ असल्यास उत्तम.'

"काल्पनिक उदाहरण आहे," केळुसकर म्हणाले. "या उमेदवाराला तुम्ही तुमच्या कंपनीकडे पाठवाल का? स्पष्ट बोला. उमेदवार समोर नाही."

मी कागद दोनदा वाचला. कुडाळच्या बाजूला आंबा-काजूचा एक कारखाना होता. त्यांना शीतगृहाचा प्रमुख हवा होता, तीन महिने ती जागा माझ्या वहीत रिकामी पडलेली. थंडीतलं काम कळणारा, आणि साठ स्थानिक बायकांना सांभाळून घेणारा. कितीतरी माणसं पाठवली, एकही आठवडाभर टिकला नाही. आणि हा माणूस काल्पनिक नव्हता. खोटा बायोडाटा लिहिणारा घरी बसलेले महिने कधी लिहीत नाही, कुठल्यातरी कंपनीच्या नावाखाली झाकतो. 'घरी' हा शब्द जो लिहितो तो कुठंतरी हाडामांसाचा असतो.

मी हात वर केला.

"सर, हा माणूस टिकायचा नाही. चौदा वर्षांत पाच ठिकाणी, म्हणजे उडतं पाखरू. वर मृदंग. गावात नाटक लागलं की हा बर्फ उघडा टाकून पळणार. याला कोण घेणार?"

केळुसकर फळ्याकडं वळले आणि लिहू लागले, 'टिकणार नाही.' मधेच मार्कर अडखळला. मला वाटलं, शाई संपली.

माझ्यामागून आवळे उठला. "नाटकी माणूस! समुद्र पायजे म्हंतोय, हवा खायाला निघालाय काय?" मग इचलकरंजीचे एक गृहस्थ उठले, मग सांगलीची एक मुलगी. आठ महिने घरी म्हणजे आळशी. सततचा प्रवास म्हणजे घरात पटत नसेल. एकेक जण उठत होता आणि केळुसकर एकेक दोष फळ्यावर सुंदर अक्षरात उतरवून घेत होते. फळा भरला. खालच्या लग्नात तेव्हा वरात आली होती, आणि बँड असा वाजत होता की त्या उमेदवाराची धिंडच निघाली आहे.

"म्हणजे पंचवीस जाणकारांचं एकमत," केळुसकर म्हणाले, आणि फळा पुसायला इतका वेळ लावला की आवळ्यानं विचारलं, "सर, मदत करू काय?"

चहाच्या सुट्टीत आवळे माझ्याजवळ आला. कप बशीत ठेवला आणि डोळा बारीक केला.

"अक्का, त्याला एवढं झोडपलंस म्हंजे तुला पायजे हाय त्यो."

"मला कशाला हवा? तुलाच असेल."

"मला? छे! मी आपला मिसेसला फोन करून येतो."

आमच्या धंद्यातली ही जुनी चाल आहे. जो माणूस आपल्याला हवा असतो त्याला चारचौघांत नावं ठेवायची, म्हणजे दुसरा कुणी त्याच्याकडं बघत नाही. मी ती खेळले, आवळे ती खेळला. कुडाळची जागा त्याच्याही वहीत होती, हे मला पक्कं माहीत होतं. कारखाने एकच जागा चार जणांना सांगून ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत मी कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेले, तर जनरेटरमागं आमच्या वर्गातली अकरा माणसं पाठीला पाठ लावून कुजबुजत फोन करत होती. सगळ्यांच्या मिसेस त्या दिवशी मासळीच्या धंद्यातल्याच होत्या. "मृदंग, मृदंग! न्हवं, पेटी न्हवं!" असं आवळे कानात बोट घालून ओरडत होता.

मी रत्नागिरीला फोन लावला. तिथं एका मासळी गोठवण्याच्या कारखान्यात शुभदा होती, हजेरीच्या खिडकीवरची. आमची ओळख जुनी. मी तिला माणसं पाठवायची, ती मला सुकट पाठवायची.

"मृदंगवाला?" ती म्हणाली. "अगो, होता ना आमच्याकडे! बर्फाच्या पेटीवर बोटं वाजवायचा, आणि बायका त्याच्या ठेक्यावर कोळंबी सोलायच्या. त्याच्यासारखा सुपरवायझर पुन्हा आला नाही. बाप गेला तेव्हा आठ महिने घरी जाऊन बसला आईजवळ. परत आला, पण मन लागेना. मग कायकाय करत पुण्याला गेला नि मोठा साहेब झाला."

"नाव काय गं त्याचं?"

"केळुसकर. सौमित्र केळुसकर. वेंगुर्ल्याकडचा."

माझ्या हातात मसालेभाताचं ताट होतं. ते तसंच राहिलं. वरती खिडकीत ते उभे होते, निळा कोट घालून, एकटेच चहा पीत. आम्ही बारा जण जनरेटरमागं काय करतोय ते त्यांना दिसत होतं की नाही, कुणास ठाऊक. दिसलं असतं तरी त्यांना वाटलं असतं, लोकांना आपली कामं असतात.

दुपारी वर्गात मी नुसती वहीत रेघा ओढत बसले. माझ्याच शब्दांनी मला घेरलं होतं. उडतं पाखरू. याला कोण घेणार. त्यांनी स्वतःचा बायोडाटा नाव खोडून आमच्यापुढं ठेवला होता, आणि स्वतःच्या हातानं स्वतःचे दोष फळ्यावर लिहून घेतले होते. मी मनाशी ठरवलं, आता गप्प बसायचं. उद्या पास व्हायचं, कागद हातात घ्यायचा, मग रीतसर त्यांना पत्र लिहायचं. सातवा नियम मोडल्याचं कळलं तर माझं अकरा वर्षांचं ऑफिस त्या जनरेटरमागंच पुरावं लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेखी झाली. अकरा वाजता गुण लागले: मला एक्केचाळीस, आवळ्याला एकोणचाळीस. दुपारी मुलाखती. केळुसकर स्वतः उमेदवार क होऊन बसणार, आणि आम्ही एकेकानं पंधरा मिनिटं त्यांची मुलाखत घ्यायची. माझ्या आधी आवळ्याचा नंबर. मी दाराबाहेर बाकावर बसले होते. उकाड्यामुळे दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"सर," आवळे खुर्ची ओढत म्हणाला, "आता हे नाटक ऱ्हाऊ द्या. खरा क मला गावलाय!"

 मी बाकावर दाराच्या बाजूला सरकले.

"कोण?" केळुसकरांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"सत्यवान धुरी, मालवणचा! तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात. आणि मृदंग असला वाजवतोय म्हंतासा! काल फोनवरच वाजवून दावला. मी म्हटलं, उमेदवार क तूच काय? त्यो म्हनला, नोकरी मिळनार आसंल तर मीच."

"वय?"

"चौसष्ट. पर गडी दमदार हाय."

"आवळे, नियम सात सांगा."

"पाठ हाय की! उमेदवाराची लेखी संमती असल्याशिवाय त्याचा माग काढायचा न्हाई, त्याला फोन…"

तिथं आवळ्याची गाडी थांबली. एवढा वेळ थांबली की मला वाटलं, नियम विसरला. विसरला नव्हता. आठवला होता.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नवरदेव मांडवातून परत पाठवावा तसा भाव होता. "अक्का," तो म्हणाला, "पाठच केला नसता तर बरं झालं असतं. तू काय बी बोलू नगंस बघ आत. गप पास हो."

मी आत गेले. मधे एक टेबल, त्यावर मिनिटांचं घड्याळ आणि माझी गुणांची पत्रिका. पलीकडं केळुसकर, हातात पेन.

"सुरू करण्यापूर्वी," ते म्हणाले, "प्रश्न फक्त कागदावरच्या अनुभवावर विचारा. आणि मॅडम, शांतपणे घ्या. ही केस वापरायची ही शेवटचीच वेळ. उद्या नागपूरला नवी देणार आहे."

"ही का नको?"

"पंचवीस जाणकारांनी नाकारलेली केस ठेवून काय करायचं? मी ती लॅपटॉपमधूनही काढून टाकतोय." त्यांनी घड्याळ फिरवलं. "चालू."

मी सुरुवात केली. शीतगृहाचं तापमान, रात्री वीज गेली तर काय कराल, कामगारांच्या पाळ्या कशा लावाल. सगळं शिकवल्याप्रमाणे. त्यांनीही उत्तरं दिली, पण दूरची, स्वच्छ, पाटीवर लिहिल्यासारखी. "उमेदवाराने अशा प्रसंगी बर्फाचा साठा आधीच वाढवलेला असतो." स्वतःबद्दल बोलताना माणूस स्वतःला 'उमेदवार' म्हणतो हे ऐकून मला कसंतरी झालं. आणि त्यांची बोटं पत्रिकेच्या कडेला अगदी हलकं काहीतरी वाजवत होती, त्यांना न विचारता.

मी मनात हिशेब केला. एक्केचाळीस आणि पन्नास, एक्क्याण्णव. तीन प्रश्न चुकले तरी शहात्तर उरतात. म्हणजे माझ्याजवळ तीन प्रश्न होते. जपून वापरायचे तीन.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. "पाच गुण वजा," म्हणाले, लिहिलं, आणि मग लिहिता लिहिताच, "उमेदवाराची आई असते. एकटीच."

"बऱ्या आहेत ना त्या?"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. सवयीनं निघालेला प्रश्न. एवढा मौल्यवान प्रश्न मी असा उधळला.

"पाच गुण वजा. गुडघे दुखतात उमेदवाराच्या आईचे. पायऱ्या उतरून विहिरीवर जाते तरी. ऐकत नाही." त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, सांभाळा. तुम्हाला प्रमाणपत्राची गरज आहे, मला माहीत आहे."

"एक आणखी विचारते," मी म्हटलं. आणि नीट विचार करून, एकेक शब्द मोजून विचारलं, "त्यांना उमेदवारानं परत यावं असं वाटत असेल, मग तो जात का नाही?"

पेन खाली टेकलं. पाच गुण गेले. 

"ती वाडीभर सांगत फिरते," केळुसकर म्हणाले. "माझा झील पुण्यात साहेबांना शिकवतो. साहेबांची परीक्षा घेतो. देवळात सांगते, बाजारात सांगते. तिला वाटतं, मी इथंच सुखी आहे. आता उमेदवार कोणत्या तोंडाने जाऊन म्हणेल की तो पुन्हा बर्फ फोडायला आलाय? तरी एकदा वाटलं, निदान जाणकारांना विचारावं, असा माणूस कुणी घेईल का. विचारलं. उत्तर फळ्यावर आलं."

आता मला राहवेना. हा प्रश्न नव्हता, त्यामुळे गुण जाणार नव्हते; माझा स्वतःचा फोन तेवढा गाळायचा होता.

"सर, तुम्ही आम्हाला तीन दिवस शिकवलंत, आता एक गोष्ट माझ्याकडून शिकून घ्या. आमच्या धंद्यात जो माणूस नको असतो त्याच्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही. कागद गुपचूप बाजूला ठेवतो. नावं ठेवतो ती फक्त हव्या असलेल्या माणसाला, म्हणजे दुसऱ्यानं नेऊ नये."

"म्हणजे?"

"म्हणजे काल जेवणाच्या सुट्टीत अकरा जण जनरेटरमागं उभे राहून तुमच्या उमेदवाराला शोधत होते. आवळे तर चौसष्ट वर्षांच्या माणसापर्यंत पोचला. आणि सगळ्यात आधी उडतं पाखरू म्हणाली ती मी, कारण सगळ्यात जास्त गरज मला होती."

केळुसकरांनी पेन खाली ठेवलं. मग एकदा फळ्याकडं बघितलं, जिथं आता काहीच नव्हतं.

"अकरा?" त्यांनी विचारलं.

"अकरा मी मोजले. बाकीचे समोरच्या दारानं गेले असतील."

त्यांच्या ओठांची एक कड हलली. घड्याळात दोन मिनिटं राहिली होती. माझे तिन्ही प्रश्न संपले होते, हातात शहात्तर गुण होते, आणि मुकाट्यानं उठले असते तर यादीत नाव राहिलं असतं. मी पदर खोचला.

"केळुसकर," मी म्हटलं, उमेदवार म्हटलं नाही, "आईचं राहू द्या, वाडीचं राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय पाहिजे?"

"मॅडम, हा चौथा."

"मोजलेत मी."

"एकाहत्तर होतात. नापास व्हाल."

"झाले."

त्यांनी पेन उचललं आणि पाच गुण वजा केले. माझ्या देखत बेरीज केली, ती पुन्हा तपासली, खाली सही केली. इतका सच्चा माणूस की गुण सोडायचा विचारसुद्धा त्याच्या मनाला शिवला नाही.

त्या सहीनं माझे चार महिने खाल्ले. मोठ्या कारखान्याच्या यादीतून नाव गेलं, माठ भरून ठेवायचे आणि दाराकडं बघत बसायचे. सप्टेंबरात परत परीक्षेला बसले. समोर दुसऱ्या बाई होत्या, त्यांना मी जेवणाबद्दल अवाक्षर विचारलं नाही, आणि अठ्ठ्याऐंशी गुणांनी पास झाले. आवळे तिसऱ्या खेपेला झाला. केळुसकरांचा बायोडाटा मी त्यांच्या लेखी संमतीनं, तीन प्रतींत, नियम सातप्रमाणे कुडाळला पाठवला. मुलाखतीला मालकानं त्यांना एकच प्रश्न विचारला म्हणे, गाव कुठलं; आणि कुणीही गुण वजा केले नाहीत. त्या साठ बायकांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगावरचा कोट काढून खुंटीला लावायला लावला. अजून तिथंच आहेत ते. टिकले.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी सही करून झाली तरी त्यांनी पेन बंद केलं नाही. टोक कागदावर टेकलेलं होतं, आणि माझ्या एकाहत्तर गुणांशेजारी एक निळा ठिपका हळूहळू पसरत होता. घड्याळ वाजलं. त्यांनी ते उचलून टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

"उमेदवाराची अपेक्षा अशी आहे की," त्यांनी सुरुवात केली, आणि ते इस्त्रीचं वाक्य तिथंच चुरगळलं. चष्मा काढून त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, कपाळ पुसलं, परत डोळे पुसले. मग जो आवाज आला तो तीन दिवसांत त्या हॉलमध्ये कुणी ऐकला नव्हता. घाईचा, ओला, भातशेताच्या बांधावरून पलीकडच्या घराला हाक घालावी तसा.

"गो बाय, माका घराक जावचा आसा."